थाळी पडेपर्यंत थांबायचे: मुलचेऱ्याच्या वाटेवरील फेकपटूंच्या शिबिरातले दिवस

थाळी कपाटावर ठेवून द्यायची की स्पर्धेला नाव द्यायचे, हे एकदाचे ठरवण्यासाठी मी मे महिन्यात गडचिरोलीला गेले. मे महिन्यात गडचिरोलीला स्वखुशीने कोण जाते, असे आमच्या महाविद्यालयातील सहकाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे थोडक्यात उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

आधी थाळीविषयी. मैदानी खेळांतली थाळी म्हणजे मधे फुगीर, कडेला धातूची पट्टी असलेली जड तबकडी. महिलांची एक किलोची असते. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात उभे राहायचे, दीड गिरकी घ्यायची आणि ती सोडायची. मी बावन्न वर्षांची आहे, साताऱ्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि सहा वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथपाल सुलभाताईंच्या नादाने या खेळात आले. प्रौढांच्याही स्पर्धा असतात, त्यांत वयोगट असतात, हे त्यांनीच मला सांगितले. कालव्यापलीकडच्या मोकळ्या मैदानावर आम्ही दोघी जायचो. एकीने फेकायचे, दुसरीने आणून द्यायचे. दोन वर्षांपूर्वी सुलभाताई नातवाला सांभाळायला मुलाकडे बंगळुरूला गेल्या. तेव्हापासून मी एकटी फेकते आणि एकटीच आणते. स्पर्धेला मात्र एकदाही गेले नाही. डब्याच्या दोन पोळ्या कुणाबरोबर खायच्या, एवढ्या साध्या प्रश्नावर पाऊल अडायचे.

म्हणून मी स्वतःला अट घातली. शिबिराच्या शेवटी चाचणी असते. तीत वीस मीटर गेले, तर हिवाळ्यातल्या राज्य स्पर्धेला नाव द्यायचे. नाही गेले, तर थाळी कपाटावर. सुलभाताई असताना मी एकोणिसाच्या पुढे गेले होते, त्यामुळे अट अवघड होती, पण अन्यायाची नव्हती.

शिबिर मुख्यतः शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींसाठी होते: गोळा, थाळी, भाला आणि हातोडा. स्वखर्चाने येणाऱ्या प्रौढांनाही घेऊ, अशी एक ओळ जाहिरातीच्या तळाशी होती. मी प्रशिक्षक मडावी सरांना फोन केला.

"शिकवाले येता का शिकाले?" त्यांनी विचारले.

"शिकायला."

पलीकडून उत्तर आले, "या जी मंग. पन उन्हाची तयारी करून या. इथी ऊन कोनाचं वय पाहत नाई."

जाण्याचा मार्ग नीट सांगते, कारण मला तो शोधताना फार त्रास झाला. पुण्याकडून चंद्रपूरला थेट गाडी सोयीच्या दिवशी मिळाली तर उत्तम, नाही तर वर्धा किंवा सेवाग्रामला उतरून दक्षिणेकडे जाणारी गाडी धरावी. मी वर्ध्याला बदलली. चंद्रपूरहून एसटीने मूल आणि सावली या गावांवरून, वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीत शिरायचे. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे हा टप्पा अगदी स्वस्तात होतो. मात्र बस सकाळचीच धरा. दुपारी अकरानंतर खिडकीची पट्टी हाताला पोळते. मुलीबाळींसारखा ओढणीने चेहरा बांधून घ्या, संकोच करू नका. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक कांदा ठेवा. कांद्याचा उपयोग शास्त्राने सिद्ध झालेला नाही, परंतु तो न ठेवल्यास शेजारची बाई आपला देते आणि रागावते.

मूलच्या स्थानकावर वाहकाने माझी पिशवी उचलून वरच्या फळीवर ठेवायला घेतली आणि थबकला.

"का आहे जी हे? तवा होय का?"

"थाळी आहे. फेकायची."

"फेकाची?" त्याने थाळी बाहेरून चाचपली. "एवढी चांगली वस्तू फेकता काऊन?"

मागच्या आसनावरचे एक आजोबा म्हणाले, "अरे, खेळाची थाळी असते ते. आमच्या गावची पोरगी फेकते नं." आणि मग माझ्याकडे वळून, "पोरीसाठी घेऊन चालल्या का बाई?"

मी "हो" म्हटले. खरे सांगायला गडचिरोलीपर्यंतचा वेळ पुरला असता, पण मला बोलावेसे वाटले नाही. सावलीच्या पुढे दोन्ही अंगांना धानाची कापणी होऊन गेलेली कोरडी शेते होती आणि बांधांवर मोहाची झाडे. वैनगंगेला पाणी कमी होते. वाळूत मधूनमधून निळे तुकडे सांडल्यासारखे दिसत होते.

गडचिरोलीत जेवायचे असेल तर बसस्थानकाजवळच्या साध्या खानावळीत भात, वरण आणि वांग्याची भाजी मागा. पोळीचा आग्रह धरू नका, हा भाताचा मुलूख आहे. तिथून चामोर्शीपर्यंत बस आणि पुढे मुलचेऱ्याच्या दिशेने काळीपिवळी. काळीपिवळी म्हणजे वाटेने माणसे भरत जाणारी जीप. ती सुटण्याची वेळ नसते. भरली की सुटते. माझ्या मांडीवर एका बाईंची कोंबडी होती आणि त्यांच्या मांडीवर माझी थाळी.

शिबिर एका निवासी शाळेच्या आवारात होते. सुट्टीमुळे शाळेची मुले घरी गेली होती आणि खोल्या फेकपटूंना मिळाल्या होत्या. मैदान तांबडे आणि कडक होते, तीन बाजूंना सागाची निष्पर्ण झाडे, चौथ्या बाजूला पाण्याची टाकी. मडावी सर पंचेचाळिशीचे, एके काळचे हातोडाफेकपटू. हातात छत्री, गळ्यात शिट्टी. त्यांनी पहिला नियम सांगितला तो खेळाचा नव्हता.

"फाटकाच्या भायेर कोनी एकटं जानार नाई. दुकानात बी नाई, बोडीवर बी नाई. वाघ आहे, अस्वल आहे. मॅडम, तुमी बी."

बोडी म्हणजे गावातले लहान तळे. घरी जिला सगळीकडे एकटीने जावे लागते, तिला इथे एकटीने जायला बंदी होती. मला याची गंमत वाटली. दोन दिवसांनी गंमत राहिली नाही, कारण जोडीला कुणाला बोलवायचे हे कळेना.

दिवसाचा क्रम असा. पहाटे पाचला मैदान, आठला नाश्ता, मग दुपारभर दारे-खिडक्या बंद करून कुलरसमोर पडून राहायचे. ऊन कलल्यावर पुन्हा मैदान. पहिले दिवस थाळी हातात मिळतच नाही. रिकाम्या हाताने गिरकी, मग टॉवेलला गाठ मारून गिरकी, मग सायकलचे जुने टायर फेकायचे. टायरची युक्ती उत्तम आहे. मनगटाने लबाडी केली तर टायर वाकडा जातो आणि सगळ्यांना दिसतो. माझा पहिला टायर मागे उभ्या असलेल्या मडावी सरांच्या छत्रीला लागला.

मुली मोठ्या खोलीत एका ओळीने चटया टाकून झोपत. मला मान म्हणून शिक्षकांची वेगळी खोली दिली होती. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायचा, आणि मी काही बोलायला गेले की सगळ्या उठून उभ्या राहायच्या. जेवणाच्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंना एकेक पान मोकळे सुटायचे. कुणी दुष्टपणे करत नव्हते. मॅडमच्या शेजारी बसायचे नसते, एवढेच त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. मोबाइलला रेंज फक्त टाकीपाशी मिळे. संध्याकाळी तिथे झुंबड उडायची. गोंडी, मराठी, बंगाली, मधेच हिंदी, सगळ्या आया एकाच वेळी एकच प्रश्न विचारत असाव्यात, कारण मुलींची उत्तरे सारखीच होती: जेवली, हो जेवली, भात. मीही एकदा रांगेत उभी राहिले आणि सुलभाताईंना फोन लावला. मागे बाळ रडत होते. "अगं, नंतर करते हं," त्या म्हणाल्या. मी फोन कानाला तसाच थोडा वेळ धरून ठेवला. लगेच खाली घेतला असता तर मागच्या मुलीला वाटले असते की बाईंना कुणी नाही.

दुपारच्या वेळी मात्र माझे बरे जमले. एकदा कुलरसमोर कंटाळलेल्या मुलींना मी खडूने फरशीवर थाळी काढून दाखवली. समोरून येणारा वारा थाळीला खालून उचलतो, म्हणून थाळीफेकपटूला समोरचा मध्यम वारा आवडावा. पाठीमागून येणारा वारा उलट तिला खाली दाबतो.

"म्हंजे वारा आडवा आला तं चांगलं?" एकीने विचारले.

"आडवा नाही. समोरून."

"तेच नं जी, आडवा आला म्हंजे वाटेत आला."

मी ते मान्य केले आणि पुढे वर्तुळाचा नियमही समजावला. वर्तुळाच्या मध्यातून जाणारी एक पांढरी रेघ बाहेर दोन्ही बाजूंना आखलेली असते. थाळी सोडल्यावर ती जमिनीला टेकेपर्यंत वर्तुळात थांबायचे आणि मग त्या रेघेच्या मागच्या अर्ध्यातूनच बाहेर पडायचे. पुढून पाऊल पडले तर फेक कितीही लांब जावो, बाद. मुलींनी माना डोलावल्या. मी दोनदा उजळणी घेतली.

खरी थाळी हातात आली तेव्हा मडावी सरांनी जोड्या लावल्या. एकीने फेकायचे, दुसरीने मैदानात उभे राहून आणून द्यायचे. हातात धरून, चालत. आणणारीने थाळी किंवा भाला उलट फेकायचा नाही, हा सगळ्या मैदानांचा नियम. पण या शिबिराची स्वतःची एक रीतही होती. मैदानात उभी असलेली मुलगी वस्तू जमिनीला लागताच मोठ्याने सांगायची. थाळी असेल तर "पडली जी!", भाला असेल तर "रुतला जी!", गोळा असेल तर "बसला जी!" ही हाक आल्याशिवाय फेकणारीने वर्तुळ सोडायचे नाही. एकाच वेळी चार ठिकाणी हाका उठायच्या आणि मैदान बाजारासारखे गजबजायचे.

मुलींची संख्या सम होती आणि मी उरले. टाकीच्या बाजूला, सगळ्यांपासून दूर, दुसऱ्या वर्तुळात मी फेकायची आणि स्वतः आणायची. घरच्यासारखेच. खरे तर मला हायसे वाटले.

मग तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला. विडीसाठी लागणारी ही पाने तोडायला मेमध्ये गावेच्या गावे पहाटे जंगलात जातात. घरी एक माणूस कमी पडतो म्हणून शिबिरातली एक मुलगी वडिलांबरोबर निघून गेली. तिची जोडीदारीण रोशनी उरली. ती धानोऱ्याकडची, सोळा वर्षांची, घरी गोंडी बोलणारी. मराठी बोलताना ती आधी वाक्य मनात मांडून बघते असे वाटायचे. सरांनी तिला माझ्याकडे पाठवले.

ती आली, तिने थाळी हातात घेऊन वजन अजमावले, कड तपासली आणि विचारले, "तुमच्यासंग तिकडं मैदानात कोन येते?"

"कोणी नाही."

"मंग थाळी कोन आनते?"

"मीच."

तिने थाळी माझ्या हातात परत दिली. मैदानात जाऊन उभी राहिली आणि हात वर केला.

मी गिरकी घेतली, थाळी सोडली. चांगली सुटली होती. शिट्टी वाजली तेव्हा मी चालत होते.

"मॅडम, कुठी चालल्या?" सर छत्री घेऊन धावत येत होते.

"थाळी आणायला."

सगळे मैदान हसले.

"थाळी आनाले रोशनी आहे नं! अन् थाळी तं अजून हवेत होती जी!"

मी मागे वळून पाहिले. पांढरी रेघ माझ्या मागे होती. माझी दोन्ही पावले वर्तुळाच्या पुढे, तांबड्या मातीत. जो नियम मी मुलींना दोनदा समजावला होता, तो मीच मोडला होता आणि मला कळलेसुद्धा नव्हते. एकटीने सराव करताना थाळी हातातून सुटली की पाय तिच्या मागे निघतात, कारण दुसरे कोणी निघणार नसते. दोन वर्षे मी प्रत्येक फेक अशी बाद करत आले होते. घरी लाल निशाण दाखवायला कुणी नव्हते, म्हणून ती बाद ठरली नाही, इतकेच.

त्या दिवशी नाश्त्याला मी उपम्याची बशी घेऊन पंगतीच्या टोकाला बसले. बाद होण्याचे दुःख नव्हते. आपले एकटेपण इतके साधे, इतके उघड, पावलांत बसलेले असावे आणि चाळीस मुलांना ते एका फेकीत दिसावे, याचे होते.

पुढचे दिवस रोशनीने माझा सराव घेतला, असेच म्हटले पाहिजे. तिची पद्धत सोपी होती. थाळी पडली तरी ती हाक द्यायची नाही. मी वर्तुळात उभी. ती मैदानात उभी. ऊन चढत असायचे.

"पडली की गं!" मी ओरडायची.

"तुमी निघून राह्यल्या होत्या नं, म्हून नाई बोलली."

"नव्हते निघाले!"

"टाच उचलली होती."

टाच खाली टेकली की मग लांबून, सावकाश, "पडली जी!" यायचे. मग ती थाळी उचलून, अंगावरच्या टी-शर्टला पुसत, चालत आणायची. त्या थांबण्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपली थाळी पडताना मी दोन वर्षांत नीट पाहिलेली नव्हती. तोवर माझी नजर पायाखालच्या दगडांवर गेलेली असायची. इथे पाहिली. शेवटी ती डाव्या अंगाला किंचित कलते, कड मातीला लागते, तांबडी धूळ उठते आणि आवाज मागाहून येतो. हे सगळे मी वर्गात शिकवू शकते. पाहण्यासाठी मात्र उभे राहावे लागले.

मधल्या रविवारी सरावाला सुट्टी होती. एका शिक्षिकेबरोबर आम्ही सगळ्या जवळच्या बंगाली गावच्या आठवडी बाजाराला गेलो. मुलचेरा तालुक्यात निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांची बरीच गावे आहेत. तळ्यातली ताजी मासळी, मुरमुऱ्यांचे ढीग आणि पितळी पातेल्यात पांढरेशुभ्र रसगुल्ले. जाल तर पानाच्या द्रोणातले रसगुल्ले जरूर खा आणि पाक शेवटी प्या. दुकानदार काका अस्सल इथल्या मराठीत "किती देऊ जी?" म्हणाले आणि पाठोपाठ बायकोशी बंगालीत बोलले. रोशनीने माझ्या द्रोणाकडे बोट दाखवून म्हटले, "मॅडम, पाक सांडून राह्यला. तुमाले थांबता बी येत नाई, धरता बी येत नाई." मुली खो खो हसल्या. त्या दिवशी पंगतीत माझ्या डाव्या बाजूचे पान मोकळे राहिले नाही.

चाचणीचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी चुन्याने दहा, पंधरा, वीस मीटरच्या कमानी आखल्या होत्या. मुलांचे आईवडील मोटारसायकलींवरून, ट्रॅक्टरवरून आले होते. तेंदूपत्त्यासाठी रोज पहाटे उठून थकलेले होते, म्हणून सगळे सावलीला टेकताच डुलक्या घेत होते. प्रत्येकाला तीन फेकी. वैध असेल तर पांढरे निशाण, बाद असेल तर लाल. रोशनीच्या स्वतःच्या फेकी आधीच झाल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा ती न सांगता मैदानात जाऊन उभी राहिली.

माझी पहिली थाळी लवकर सुटली आणि वर्तुळाभोवतीच्या जाळीत अडकली. एक गेली. समोरून मंद वारा येत होता. मी स्वतःला तो धडा मनातल्या मनात म्हणून दाखवला, आणि दुसरी फेक केली.

हातातून सुटतानाच कळले. अशी थाळी सुटते तेव्हा बोटांना काहीच जाणवत नाही, फक्त तर्जनीवरून काहीतरी घसरून जाते. ती वर चढली, वाऱ्यावर बसली आणि जात राहिली. पंधराची कमान मागे पडली. ती वीसच्या रेघेकडे निघाली होती आणि मीही. "पडली जी!" ऐकू आले तेव्हा थाळी वीसच्या पलीकडे होती आणि माझे उजवे पाऊल वर्तुळाच्या पुढे.

लाल निशाण वर गेले.

"मॅडम," मडावी सर छत्री मिटत म्हणाले, "कोनी चोरून नेत नाई जी तुमची थाळी."

झोपलेले आईबापही जागे होऊन हसले. बाद फेक मोजत नाहीत. तिथे खुंटीही ठोकत नाहीत. रोशनीने मात्र त्या ठिकाणी आपला पाय टेकवला आणि माझ्याकडे पाहिले, मी बघितले आहे याची खात्री होईपर्यंत. मग थाळी उचलून चालत आली, नेहमीपेक्षा सावकाश. माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "मी आहो नं तिथी."

तिसऱ्या फेकीच्या वेळी मी थाळीचा विचार केला नाही. सोडली आणि टाच दाबून उभी राहिले. ती फार उंच गेली, म्हणजे दूर जाणार नव्हती. तरी तिचा कल पाहिला, धूळ पाहिली, मग आवाज आला, आणि त्यानंतर हाक. मी वळले, पांढऱ्या रेघेच्या मागे आले, बाहेर पडले. पांढरे निशाण. फीत धरून सरांनी मोजले: साडेअठराच्या थोडे अलीकडे.

माझी अट वीसची होती.

निघताना फार काही झाले नाही. सगळ्यांची आवराआवर चालू होती, चटया झटकल्या जात होत्या, कुणाची चप्पल हरवली होती. रोशनी वडिलांच्या मोटारसायकलवर पिशव्या बांधत होती. मी जवळ गेले तर तिने दोरीची गाठ आवळता आवळता विचारले, "मॅडम, तिकडं तुमाले 'पडली' कोन म्हनंल?"

मी पिशवी दाबून धरली. तिने दुसरी गाठ मारली. तिच्या वडिलांनी मला रामराम केला आणि गाडी सुरू झाली. माझी काळीपिवळी भरायला पुढे बराच वेळ लागला. वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा ऊन उतरले होते आणि बसमध्ये कोणी माझ्या पिशवीविषयी काही विचारले नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे राहून गेलेले. बुटांचा तळ गुळगुळीत हवा, वर्तुळ सिमेंटचे आहे. स्वतःची थाळी नेणार असाल तर ती कापडात गुंडाळा, उन्हात तापलेली कड तळहात भाजते. हाताला लावायला खडूची भुकटी न्या, तिथे लवकर संपते. शिबिराचे शुल्क जेवणासह माफक आहे. खरा खर्च प्रवासाचा आणि झोपेचा. आणि शक्य असेल तर वेगळी खोली घेऊ नका. मोठ्या खोलीत चटई मागा.

परत आल्याला तीन आठवडे झाले. थाळी कपाटावर नाही. मी स्वतःला घातलेली अट मोडली, आणि त्यावर काही तात्त्विक मुलामा चढवणार नाही. वीस मीटर मी वैध फेकीत गाठले नाही, तरीही हिवाळ्यातल्या स्पर्धेला नाव दिले. डबा एकटीने खावा लागेल. मैदान तसेच आहे. कालव्याच्या बाजूला बाभळी, मधे टिटव्या, माणूस नाही. सुलभाताईंना फोन केला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "त्या पोरीला माझ्याकडून एक रसगुल्ला."

पहिल्या रविवारी चुन्याचा डबा घेऊन गेले आणि वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ आखली. सहा वर्षांत ती तिथे कधी नव्हती. फेक साधारण झाली. मी टाच टेकून उभी राहिले. थाळी कलली, टेकली, धूळ उठली. टिटव्या ओरडत उडाल्या आणि पुन्हा बसल्या. हाक आली नाही. मी आणखी थोडी थांबले. मग जरा मोठ्याने, कुणी ऐकत असल्यासारखे म्हटले, "पडली जी."

वळले, मागच्या अर्ध्यातून बाहेर पडले आणि पूर्ण वळसा घालून थाळी आणायला निघाले.